छोट्या कौटुंबिक गोठ्याची सुधारणा गावाच्या हातभाराने कशी करावी

चार-सहा जनावरांचा गोठा सुधारायचा म्हटले की घरातली पहिली चर्चा पैशाची होते आणि बहुतेक वेळा ती तिथेच संपते. दुधाचा पगार पेंडीच्या आणि औषधांच्या बिलात जिरतो, बँकेचे कर्ज अंगावर घ्यायला मन धजत नाही, आणि गोठा वर्षानुवर्षे होता तसाच राहतो. खरे पाहता लहान गोठ्याच्या सुधारणेतला बराच मोठा भाग मुरूम पसरणे, खांब रोवणे, चर काढणे, वैरण तोडून साठवणे अशा कामांचा असतो, आणि ही कामे आपल्याकडे पैशाविना होत आली आहेत. म्हणून गावाकडे हातभार मागताना आधी श्रम मागावेत, मग वस्तू मागाव्यात, त्यानंतर दुधाच्या बदल्यात उचल मागावी, आणि निव्वळ रोख मदतीचा विषय अगदी शेवटी काढावा. हा क्रम उलटा केला की काम बिघडते, कारण पहिल्याच भेटीत पैसे मागणाऱ्याच्या गोठ्यावर पुढच्या आठवड्यात फावडे घेऊन कोणी येत नाही.

या मदतीसाठी नवे नाव शोधण्याची गरज नाही. एका घराचे अडलेले काम शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एका दिवसात उरकून द्यायचे आणि त्या घराने सर्वांना जेवू घालायचे, याला इर्जिक म्हणतात. आज मी तुझ्याकडे राबतो, उद्या तू माझ्याकडे राब, असा दिवसाला दिवस फेडण्याचा व्यवहार म्हणजे सावड. दोन्हींतला फरक लक्षात ठेवावा. गोठ्याची आखणी-उभारणी हे एकदाच होणारे काम असल्यामुळे ते इर्जिकीने शोभते, तर मुरघास (हिरवी वैरण हवाबंद मुरवून साठवणे) किंवा कुट्टी (वैरणीचे बारीक तुकडे करणे) ही दरवर्षी करावी लागणारी कामे सावडीनेच टिकतात. दरवर्षी इर्जिक घालणाऱ्याकडे तिसऱ्या वर्षी माणसे कमी होतात, हा अनुभव अनेक गावांचा आहे.

दुधाचा धंदा मुळातच असा एकमेकांच्या आधाराने वाढलेला आहे. १९४६ साली गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या उत्पादकांनी त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने आपला संघ, म्हणजे पुढचा अमूल, उभा केला, तेव्हा त्यांच्याकडे भांडवलापेक्षा एकत्र येण्याची तयारी अधिक होती. कोल्हापूरचा गोकुळ दूध संघ १९६३ चा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने श्रमदानातून पाणी अडवले आणि डोंगरावर मोकाट चराई बंद करून गवत कापून आणण्याची पद्धत लावली, तेव्हा कोणाच्याही गोठ्यात वेगळी गुंतवणूक न होता गावाचे दूध वाढले. वैरण आणि पाणी हे गावाचे प्रश्न आहेत, आणि एकट्या घराच्या गोठ्याचे दूध त्यांच्यावरच उभे असते.

पुढचा हिशेब समजायला सोपा जावा म्हणून एक नमुन्याचे घर धरू. चार संकरित गाई, त्यांपैकी तीन दुधात आणि एक भाकड, शिवाय दोन कालवडी. रोजचे दूध सरासरी ३० लिटर. शेती दोन-अडीच एकर, त्यात विहिरीचे पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरणारे. आपल्या घरचे आकडे यात घालून हिशेब फिरवून घ्यावा.

पंधरा दिवसांची वही

कोणाच्याही दारात जाण्याआधी पंधरा दिवस एक वही ठेवावी. प्रत्येक गाईचे सकाळचे आणि संध्याकाळचे दूध, दूध संस्थेत लागलेले फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), मिळालेला दर, दिलेली वैरण व पेंड, पाजलेले पाणी, आणि घरातल्या कोणी किती वेळ गोठ्यात घालवला, एवढ्या नोंदी पुरेत. शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात, आणि तीच सर्वांत बोलकी ठरते. डोक्यावरून पाणी वाहणे, शेण भरणे आणि जनावरे आत-बाहेर बांधणे यांत घरातल्या बाईचे किती तास जातात हे कागदावर आले की कोणती सुधारणा आधी करायची हा वाद आपोआप मिटतो.

संकरित दुभत्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला ६० ते १०० लिटर पाणी लागू शकते. दावणीला बांधलेल्या गाईला दिवसातून दोनदा बादली दाखवली तर ती एवढे पाणी पिऊ शकत नाही, आणि दुधाचा मोठा हिस्सा पाणीच असल्यामुळे त्याची किंमत धारेत मोजावी लागते. गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या मापाला धरून ठरतो आणि त्याखाली कपात होते. त्यामुळे एसएनएफ सतत कमी लागत असेल, तर दोष गाईच्या जातीचा म्हणून सोडून देण्याआधी वैरणीत किती कमतरता आहे आणि कासेला सुप्त, म्हणजे वरून न दिसणारा, दाह आहे का, हे तपासावे. पशुवैद्यकाकडून किंवा संस्थेच्या कर्मचाऱ्याकडून चारही सडांची सीएमटी, म्हणजे असा दाह ओळखण्याची, चाचणी करून घ्यायला काही मिनिटे लागतात.

एकच सुधारणा निवडणे

वहीत पाच-सहा उणिवा दिसतील. त्यांतली एकच निवडावी, कारण गाव एका वर्षात एका घराचे एकच काम मनापासून करते. माझ्या मते क्रम असा असावा: चोवीस तास पाणी, मग मुक्त संचार (जनावरे न बांधता आवारात मोकळी ठेवणे), मग उन्हाळ्याची वैरण, मग धारेची स्वच्छता आणि दूध लवकर थंड होण्याची सोय. नवी गाय विकत घेणे हे या यादीत सर्वांत शेवटी येते. लोकांच्या मदतीने गाय घेऊ नये असे मी आग्रहाने सांगतो. गाय मेली, भाकड गेली किंवा माजावर आलीच नाही, तर देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाते तिच्याबरोबर बिघडते. हौदाचे किंवा कुंपणाचे तसे होत नाही. ते रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत राहते.

नमुन्याच्या घरासाठी पाण्याचा हौद आणि मुक्त संचार गोठा ही दोन कामे एकाच आवारात बसतात, म्हणून ती मिळून एक सुधारणा धरू.

जागा आणि कागद

इथे घाई करणाऱ्याला पुढे पस्तावावे लागते. सातबारा सामाईक असेल तर सर्व हिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्यावी; चुलत्याने किंवा भावाने तोंडी दिलेला होकार कुंपणाचे खांब उभे राहिले की बदलल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील, आणि त्या भांडणात इर्जिकीला आलेल्या माणसांना उगाच बाजू घ्यावी लागते. जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून आणि शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरापासून दूर असावी. शेजाऱ्याला माश्यांचा आणि वासाचा त्रास होणार नाही यासाठी आपण काय करणार आहोत, हे त्याला काम सुरू होण्याआधी सांगावे. तो मदतीला आला नाही तरी चालेल, पण त्याची तक्रार नसणे ही पहिली मदत आहे. गायरान जमिनीवर पक्के बांधकाम करण्याचा विचार मनात आणू नये. भरावासाठी मुरूम कुठून उचलायचा याची चौकशी तलाठ्याकडे आधी करावी, कारण मुरूम गौण खनिजात मोडतो आणि दंड ट्रॅक्टरवाल्याला, म्हणजे मदत करणाऱ्यालाच, भरावा लागण्याची शक्यता असते.

गोठ्याची आखणी

मुक्त संचार गोठ्यात जनावरे फक्त धारेपुरती बांधली जातात. एरवी ती मोकळी फिरतात, हवे तेव्हा पाणी पितात, हवे तिथे बसतात. भारतीय मानकांप्रमाणे प्रत्येक गाईला किमान ३.५ चौरस मीटर छपराखालची आणि ७ चौरस मीटर मोकळी जागा धरतात. चार गाईंची ही जागा अनुक्रमे १४ आणि २८ चौरस मीटर होते. कालवडींना प्रत्येकी सुमारे २ आणि ५ चौरस मीटर धरले तर एकूण १८ चौरस मीटर छप्पर आणि ३८ चौरस मीटर आवार, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडी अधिक जागा लागते. ही किमान गरज आहे. जागा असेल तर पूर्ण गुंठा घ्यावा, कारण पावसाळ्यात अर्धे आवार ओले असताना बसायला कोरडे अर्धे उरते.

छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर दुपारचे ऊन आत कमी येते. उतरत्या बाजूलाही आठ फूट उंची सोडावी; बुटक्या पत्र्याखाली उन्हाळ्यात गाई धापा टाकतात आणि छपराचा खर्च वाया जातो. पत्र्यावर उसाचे पाचट अंथरले किंवा चुना मारला तरी फरक पडतो. आवारात सावलीला कडुनिंब किंवा आणखी एखादे झाड असेल तर ते कोणत्याही छपराहून चांगले, पण त्याच्या खोडाला जाळी बांधावी, नाहीतर गाई साल खरवडून झाड वाळवतात.

गव्हाणीला प्रत्येक जनावरामागे अडीच फूट धरून सहा जनावरांना पंधरा फूट लांबी लागते. गव्हाणीचा तळ गाईच्या पायांच्या पातळीपेक्षा थोडाच वर ठेवावा, कारण मान खाली घालून खाणे ही तिची चरण्याची सवय आहे. पाण्याचा हौद गव्हाणीपासून दूर, शक्यतो सावलीत, ५०० लिटरचा असावा. नमुन्याच्या घराची रोजची गरज उन्हाळ्यात ४०० लिटरच्या आसपास जाते. हौदाला आतून दर पंधरा दिवसांनी चुना लावला की शेवाळ धरत नाही.

एका गुंठ्याच्या चौकोनाला कुंपण सुमारे १३० फूट लागते. आठ फुटांवर एक खांब धरला तर फाटक सोडून सोळा-सतरा खांब पुरतात, आणि त्यांना चार आडव्या बांबूंची किंवा पाइपांची जोड द्यावी. काटेरी तार लावू नये. एक सड चिरला तरी सगळ्या कुंपणाहून महाग पडतो. जमिनीला बाहेरच्या बाजूने उतार देऊन सात-आठ इंच मुरूम भरावा आणि भोवती चर काढावा. मुक्त गोठा फसतो तो बहुतेक वेळा पहिल्या पावसात चिखल झाल्यामुळे, आणि मग घरातले लोक पुन्हा जनावरे दावणीला नेऊन बांधतात. कालवडींना कुंपणाच्या आत वेगळा कप्पा करावा, व्यायला आलेल्या किंवा आजारी गाईसाठी एक कोपरा आडव्या बांबूने बंद करता येईल असा ठेवावा.

या पद्धतीचा एक तोटाही सांगितला पाहिजे. घरी गोबरगॅस असेल तर दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, आणि मोकळ्या आवारात शेण तुडवले जाऊन वाळत असल्याने ते पूर्वीइतके ताजे हाती येत नाही. अशा घरांनी गव्हाणीजवळची पट्टी पक्की करून तिथले शेण रोज उचलावे.

कोणाकडे काय मागावे

आता एका कागदावर तीन रकाने आखावेत: श्रम, वस्तू आणि रोख. एकेक काम ज्या रकान्यात बसते तिथे लिहावे. खांबांचे खड्डे, मुरूम पसरणे, चर, बांबू बांधणे हे श्रमात जाते. बांबू, मुरुमाच्या दोन-तीन खेपा, जुने पत्रे, कोणाच्या घराच्या दुरुस्तीतून उरलेल्या विटा, ट्रॅक्टरचा अर्धा दिवस हे वस्तूंत जाते. सिमेंट, हौद, पाइप आणि गवंड्याची मजुरी एवढेच रोखीत उरते. असे वेगळे केल्यावर रोखीचा आकडा मनात धरलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळ लहान निघतो.

प्रत्येकाकडे त्याच्या कुवतीचे आणि नेमके काम घेऊन जावे. "काहीतरी मदत करा" या वाक्याला कोणी नाही म्हणत नाही आणि कोणी येतही नाही. "अण्णा, तुमच्या बांधावरचे आठ बांबू द्याल का, पावसाळ्यानंतर तुमच्या द्राक्षाला दोन ट्रॉल्या शेणखत टाकतो," या बोलण्यात मागणे, मोबदला आणि मुदत तिन्ही आहेत. शेणखत ही लहान गोठ्याची खरी पत आहे, पण तिचा विचार फार कमी घरांत होतो. सहा जनावरांचे रोजचे शेण ८० किलोच्या आसपास असते आणि वर्षाला त्याचे दहा-बारा टन खत सहज होते. ज्या शेजाऱ्याकडे ऊस आहे त्याच्याकडून वाढे, ज्याच्याकडे मका आहे त्याच्याकडून कणसे काढल्यानंतरची ताटे, आणि त्या बदल्यात खत, असा करार दोघांनाही परवडतो. मात्र घरच्या शेतीला किती खत लागते ते आधी बाजूला काढावे. सगळे खत वाटून टाकले की वर्षभराने आपलेच रान उघडे पडते.

बचत गटाकडे जाताना घरातल्या बाईने जावे आणि बोलणेही तिनेच करावे. उमेद अभियानाच्या किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) गटांतून अंतर्गत कर्ज मिळते, आणि हौदासारख्या लहान कामाला ते बँकेपेक्षा लवकर हाती येते. याच वेळी दूध संस्थेचे सभासदत्व कोणाच्या नावावर आहे हेही पाहावे. धार ती काढते, वैरण ती टाकते आणि पगार दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो, अशी स्थिती असेल तर गटाचे हप्ते फेडताना तिची अडचण होते.

दुधाच्या बदल्यात उचल

रोखीचा उरलेला आकडा ३०,००० रुपये आहे असे धरू. गावातली किंवा जवळच्या शहरातली दहा घरे रोज एक लिटर दूध घेतात आणि प्रत्येकी ३,००० रुपये आगाऊ द्यायला तयार आहेत. लिटरला ५० रुपये दर ठरला तर प्रत्येक घराचे ६० लिटर देणे होते. ते दूध सलग ६० दिवस फुकट घालण्याची चूक करू नये, कारण तेवढे दिवस त्या दहा लिटरची रोकड बंद होते आणि पेंड उधारीवर आणावी लागते. रोजच्या लिटरचे २५ रुपये रोख घ्यावेत आणि २५ रुपये उचलीत वळते करावेत. फेड १२० दिवस चालते, पण घरात रोज २५० रुपये येत राहतात.

रोजच्या दुधाच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक दूध असे बांधून घेऊ नये. उचल घेण्याआधी गाभण गाईंच्या तारखा पाहाव्यात; गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो आणि शेवटचे दोन महिने तिला आटवावेच लागते. त्या १२० दिवसांत दोन गाई एकदम आटणार असतील, तर उचल पुढे ढकलावी किंवा घरांची संख्या कमी करावी.

कायद्याच्या दोन बाजूही सांभाळाव्या लागतात. दूध पुरवण्यासाठी घेतलेली आगाऊ रक्कम आणि व्याजाचे आमिष दाखवून लोकांकडून गोळा केलेली ठेव या वेगळ्या गोष्टी आहेत. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा दुसऱ्या प्रकाराला गुन्हा ठरवतो. म्हणून पावतीवर रक्कम, लिटर, दर, फेडीचा कालावधी आणि दूध देता आले नाही तर उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत करणार, हे स्पष्ट लिहावे, आणि व्याजाचा किंवा नफ्याच्या वाट्याचा शब्दही काढू नये. दुसरी बाजू अन्नसुरक्षेची. सगळे दूध सहकारी संस्थेला घालणाऱ्या सभासद उत्पादकाला अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नोंदणीतून सूट आहे, पण घरोघर विक्री सुरू केली की लहान व्यावसायिकाची नोंदणी करून घ्यावी लागते. संस्थेच्या पोटनियमांत सर्व दूध संस्थेलाच घालण्याची अट आहे का हेही सचिवाला विचारावे. चोरून रतीब घालणे आणि त्याच संस्थेकडे उचल मागणे या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत.

संस्था, बँक आणि सरकारी योजना

दूध संस्था पगारातून कापून घेण्याच्या अटीवर उचल देते, आणि बँकेला कर्ज देताना संस्थेचे दूधबिलाचे पत्र उपयोगी पडते. किसान क्रेडिट कार्ड पशुपालनासाठीही मिळते. शेती व पूरक धंद्यांच्या विनातारण कर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १.६० लाखांवरून २ लाख रुपयांवर आली आहे, त्यामुळे लहान गोठ्याच्या कामासाठी जमीन गहाण ठेवा असे कोणी म्हटले तर कारण लेखी मागावे.

रोजगार हमीतून गोठा बांधण्यासाठी महाराष्ट्रात २०२१ मध्ये शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आली. त्या वेळी दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये ठरवले होते आणि मापे ७.७ मीटर लांबी व ३.५ मीटर रुंदी अशी होती. रोजगार हमीचे नियम आणि रकमा बदलत असतात, म्हणून चालू वर्षाची स्थिती ग्रामपंचायतीतच विचारावी. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. अशा योजनेत काम सुरू होण्यापूर्वीच्या रिकाम्या जागेचा फोटो, कार्यारंभ आदेश आणि मजुरांचे हजेरीपत्रक लागते. इर्जिकीने आधीच उभे केलेले काम योजनेत दाखवणे हा खोटेपणा आहे आणि त्यात मदतीला आलेल्यांचीच नावे अडकतात. म्हणून दोन कामे जागेवरच वेगळी करावीत: छप्पर आणि गव्हाण योजनेतून, कुंपण, भराव आणि चर इर्जिकीतून. मंजुरीला वर्ष लागले तरी मोकळे आवार आणि पाणी या उन्हाळ्यातच मिळते, आणि तोवर जुने छप्पर चालते.

इर्जिकीचा दिवस

रब्बीची मळणी उरकल्यावर आणि मृगाच्या आधी, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा काळ या कामाला योग्य असतो. लग्नसराई आणि गावची जत्रा पाहून तारीख ठरवावी. आदल्या दिवशी आखणी करून फक्कीने खुणा माराव्यात, खांब जागेवर टाकावेत, मुरूम आवाराच्या चार कोपऱ्यांत ओतून घ्यावा. माणसे आल्यावर सामान आणायला पळणाऱ्या घरी दुपारपर्यंत निम्मी माणसे पांगतात. पंधरा माणसांना तीन टोळ्यांत विभागून खड्डे, भराव आणि चर ही कामे एकाच वेळी लावली आणि उन्हाआधी सकाळी सहाला सुरुवात केली तर अकरापर्यंत जड काम संपते.

जेवणाचा भार घरातल्या बायकांवर एकट्याने टाकू नये; चार घरांनी भाकरी वाटून घ्याव्यात आणि आपण आमटी-भात करावा. इर्जिकीत राबणाऱ्या पुरुषांचे कौतुक होते आणि साठ भाकऱ्या थापणारीची गणती होत नाही, ही जुनी खोड आहे. वहीत तिचाही दिवस लिहावा.

रोगाची काळजी त्या दिवशी विशेष घ्यावी. २०२२ मध्ये जनावरांचा लम्पी त्वचारोग पसरला तेव्हा महाराष्ट्रात जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, हे कोणी विसरलेले नाही. ज्यांच्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत किंवा दुसरा संसर्ग चालू आहे त्यांनी त्या दिवशी येऊ नये असे मोकळेपणाने सांगावे, आलेल्यांना हातपाय धुवायला पाणी ठेवावे, आणि आपली जनावरे कामाच्या जागेपासून लांब बांधावीत. उसनी आणलेली धारयंत्रे किंवा बादल्या मात्र कोणत्याही दिवशी वापरू नयेत.

नव्या आवारात गाई सोडताना पहिले तीन-चार दिवस फक्त दिवसा आणि डोळ्यांसमोर सोडाव्यात. त्या एकमेकींना ढुशा देऊन आपापली जागा ठरवतात, त्यानंतर शांत होतात. एखादी फारच मारकी असेल तर तिला गव्हाणीवर सर्वांत शेवटची जागा द्यावी. म्हशींनाही ही पद्धत चालते, फक्त उन्हाळ्यात त्यांच्या अंगावर पाणी मारण्याची सोय लागते.

वैरण सावडीने

पुढच्या वर्षी हाती घ्यायचे काम बहुधा मुरघासाचे असेल. गाईला दिवसाला १५ किलो आणि कालवडीला ७ किलो धरले तर नमुन्याच्या घराला रोज ७४ किलो, आणि मार्च ते जून या १२० दिवसांना सुमारे ९ टन मुरघास लागतो. नासाडी धरून दहा टन हिरवी मका कापावी लागेल. एकरी पंधरा-वीस टन उतारा धरला तर अर्धा-पाऊण एकर पुरतो. दाण्यात चीक भरून तो घट्ट होऊ लागला की, साधारण पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी दिवसांनी, मका कापावी. कुट्टी अर्धा ते एक इंचाची करून हवा राहणार नाही इतकी दाबली तर ४५ दिवसांत मुरघास तयार होतो. लहान घराने खड्ड्यापेक्षा ५०० किलोच्या पिशव्या घ्याव्यात, कारण फोडलेली पिशवी आठवड्यात संपते, तर मोठ्या खड्ड्याचे उघडे तोंड रोजच्या थोड्या उचलीने बुरसते.

हे काम एका घराला दोन-तीन दिवस पुरते आणि त्यात सहा-सात माणसे व कुट्टी यंत्र लागते. चार-पाच घरांनी मका आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरली तर एकच भाड्याचे यंत्र आणि तीच टोळी क्रमाने सगळ्यांकडे फिरते. पेरणीच्या आधीच तारखा ठरवाव्या लागतात. कापणीच्या वेळी ठरवायला गेले की सगळ्यांची मका एकदम तयार झालेली असते आणि सावड मोडते.

हिशेब आणि परतफेड

कामासाठी वेगळी वही ठेवावी आणि ती गोठ्यातच खुंटीला टांगावी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला चाळता येईल. कोणाचे किती दिवस, कोणाचे बांबू, कोणाची उचल आणि किती फिटली, हे सर्व त्यात असावे. आठवड्यातून एकदा दुधाची बेरीज लिहावी, ती घटली तरी लिहावी. पहिल्या महिन्यात दूध लगेच वाढले नाही तर निराश होऊ नये; त्या आधी पाण्याचा वापर वाढतो, खुरांच्या आणि गुडघ्यांच्या जखमा भरू लागतात, माज लवकर ओळखू येतो, आणि शेण भरण्याचा वेळ वाचतो. हे बदलही वहीत टिपावेत.

कोणाच्या घरी काम निघाले की बोलावण्याची वाट न पाहता आपले फावडे घेऊन जावे. ज्याच्या बांबूंना खत कबूल केले त्याची ट्रॉली आपल्या शेताच्या आधी भरावी. दिवाळीला संस्थेचा दूधदराचा फरक किंवा बोनस हाती आला की सर्वांत आधी उचलीतली शिल्लक, त्यानंतर गटाचा हप्ता, आणि मगच घरचा बाजार. ज्या दिवशी शेवटच्या घराचे दूध फिटेल त्या दिवशी त्यांच्या पावतीवर दोघांनीही सह्या कराव्यात, आणि त्यांचे रोजचे लिटर पुढेही चालू ठेवायचे का, व कोणत्या दराने, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.